घोंगडीखालचा अर्धा तास

देवाबद्दल माझ्या मनात राग कधीच नव्हता, पण ओढही नव्हती. हे मी आज मोकळेपणाने लिहितो आहे, कारण घरात ते कधी बोलता आलं नाही. माझी बायको फार श्रद्धेची. तिच्या चतुर्थीला, सोमवारला, संध्याकाळच्या दिव्याला कधी खंड पडला नाही. मी एसटीचा ड्रायव्हर. अंगारकीला राजूरच्या गणपतीसाठी जालन्याहून जादा गाड्या सुटत, त्या मी वर्षानुवर्षं चालवल्या. गच्च भरलेली गाडी देवळाजवळ रिकामी करायची आणि पुढची खेप आणायला परत फिरायचं. तेवढ्या वेळात स्टिअरिंगवर हात ठेवून रांगेतली रेटारेटी बघायची. म्हातारी माणसं चेंगरताना दिसत आणि मनात येई, एवढ्या गर्दीत देव तरी कोणाला ओळखत असेल? मी एकदाही आत जाऊन दर्शन घेतलं नाही. वेळ नव्हता हे खरं, पण वेळ असता तरी गेलो नसतो.

निवृत्त झालो आणि मला एक नाद लागला. इतकी वर्षं ठरलेल्या रस्त्यावरून गाडी नेताना मला मधूनच फुटणारे रस्ते दिसायचे. वाटूरच्या अलीकडे एक, राजूरच्या पुढे दोन, जाफराबादच्या बाजूला तर कितीतरी. कच्चे, बाभळींतून आत जाणारे. हा कुठं जात असेल, असं रोज वाटायचं आणि रोज सरळ जावं लागायचं. आता मोटारसायकल काढायची आणि एकेका रस्त्याला वळायचं असं मी ठरवलं. त्यातून मला काय काय सापडलं! झुडपांनी झाकलेली पायऱ्यांची विहीर, जिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत पारवे राहतात. लिंबाखाली ओळीनं उभ्या केलेल्या जुन्या वीरगळी. हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात असा एक पाझर तलाव. माझी अट एकच होती, तिथं दुसरा माणूस भेटता कामा नये. फोटो काढायचे आणि आम्हा निवृत्त ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. मित्र विचारत, "अरे, हे आपल्याच जिल्ह्यात आहे?" मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. मी सुखी माणूस होतो.

बायकोचं म्हणणं एवढंच, "जायचं तर जा, पण एकटे जाऊ नका. आणि कुठं चाललात ते सांगून जा." पुढं पुढं तिची काळजी वाढली, तसा मी खोटं बोलायला शिकलो. त्या दिवशीही मी तिला सांगितलं, की जाफराबादला एका जुन्या सोबत्याकडे जाऊन येतो. तिनं डब्यात दशम्या दिल्या. पिशवीत उदबत्ती आणि कापराची पुडी ठेवत म्हणाली, "वाटेत कुठं देऊळ लागलं तर लावा." मी हो म्हटलं आणि निघालो.

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालेलं, कापसाची वेचणी चालू, तुरी फुलावर आलेल्या. जाफराबादच्या पुढं डोंगराच्या एका घळीत कपारीतला महादेव आहे, असं मी चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. गावाचं नाव इथं लिहीत नाही. तिथल्या माणसांनी तशी विनंती केली आहे आणि ती मला पटली आहे. गाडी रस्ता संपला तिथं लावली आणि कोरड्या ओढ्यातून तासभर चाललो. मोबाईलची रेंज केव्हाच गेली होती. घळ वळली आणि समोर मोठा कडा उभा राहिला. त्याच्या पोटात कपार, कपारीत हातभर उंचीचं काळं लिंग, बाजूला झऱ्याचं पाणी साचलेलं लहानसं कुंड. सगळीकडे सावली आणि गारवा. एवढी सुंदर जागा मी आजवर पाहिली नव्हती.

आता माझी चूक सांगतो. मी हात जोडले नाहीत. फोटोसाठी जागा शोधली. नुसतं लिंग उघडंबोडकं दिसत होतं, म्हणून पिशवीतला सगळा कापूर पेटवला आणि उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. धूर छान वर चालला होता. त्या धुरामागं मी नजर वर नेली, तेव्हा मला कड्याच्या छताला लटकलेली आग्या मोहोळं दिसली. पाच-सहा तरी होती, सुपाएवढी.

पहिला डंख मानेवर बसला. मी हात झटकला आणि मग काय झालं ते सांगता येत नाही. सगळं आभाळच अंगावर आलं. मी ओढ्यातून पळत सुटलो, हात फिरवत, ओरडत. जितका हात फिरवावा तितक्या त्या वाढत होत्या. डोळे मिटायला लागले, दगडाला अडखळून पडलो, उठलो, परत पडलो. मला एकच गोष्ट लख्ख कळली. मी कुठं आहे हे या जगात कोणालाही माहीत नाही. बायको मला जाफराबादला सोबत्याच्या घरी चहा पीत बसलेला समजते आहे. मी देवाचा धावा केला असं लिहिता आलं असतं, पण ते खरं नाही. मी फक्त "अगं" म्हणालो, तिला हाक मारल्यासारखं.

आणि माझ्यावर काहीतरी जड, खरखरीत येऊन पडलं. अंधार झाला. लोकर, शेळीचं दूध आणि चुलीचा धूर यांचा एकत्र वास आला. शेजारी कुणीतरी अंग चोरून आत शिरलं आणि कानाशी बाईचा आवाज आला, "हलू नगा दादा. बिलकुल हलू नगा. निस्तं पडा."

"मावशी, मेलो मी," मी म्हणालो.

"न्हाई मरत. हात हलवू नगा. तुम्ही हलून राह्यले म्हून त्या येऊन राह्यल्या."

ती घोंगडी होती. तिच्या कडा त्या बाईनं चारी बाजूंनी दगडांनी आणि स्वतःच्या गुडघ्यांनी दाबून धरल्या होत्या. बाहेर नुसता घुमारा चालला होता. माझं अंग पेटलेलं, प्रत्येक नस हात झाडायला सांगत होती. आयुष्यभर जे काही वाचवलं ते हातांनी वाचवलेला मी माणूस. ब्रेक लागला नाही, जनावर आडवं आलं, घाटात समोरून ट्रक आला, तरी हातांनी गाडी काढली. आणि इथं एक अनोळखी बाई सांगत होती, की हात सोडा. मी दातओठ खाऊन हात छातीशी धरले. मग हळूहळू ते सैल पडले.

ती अधूनमधून बोलत होती, माझ्याशी नाही, बाहेरच्या माश्यांशी. "झालं, झालं. जा आता घरी. चुकलं त्याचं. जा बायांनो." एखाद्या घाबरलेल्या लेकराला थोपटावं तसा तो आवाज होता. कडा दाबून धरणाऱ्या तिच्या हातांवरही डंख बसत होते, कारण मधूनच तिचा श्वास अडकायचा. पण बोलणं थांबायचं नाही. त्या आवाजात माझी भीती कधी गेली ते मला समजलं नाही. वेदना होती, ती कमी झाली नव्हती. पण मला वाटलं, आता जे होईल ते होऊ दे. मरण आलं तरी मी एकटा नाही. इतका निर्धास्त मी कधीच नव्हतो. तो अर्धा तास असेल, जास्तही असेल. मला तो लांब वाटला नाही.

घुमारा उतरल्यावर आम्ही घोंगडी डोक्यावर धरूनच वाकून ओढ्याच्या वळणापलीकडे गेलो. तेव्हा डोळ्यांच्या उरलेल्या फटीतून मी तिला पहिल्यांदा पाहिलं. सत्तरीची, उन्हानं रापलेली धनगर बाई, हात सुजून टम्म झालेले. तिनं मला धरून आपल्या वस्तीवर नेलं. सुनेनं नखांनी एकेक काटा काढला, कांदा चोळला. तिच्या मुलानं कापूस वेचणाऱ्यांना घेऊन आलेली जीप बोलावली आणि आम्हा दोघांना जाफराबादला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं." तिच्या हाताला मलमपट्टी झाली तशी ती त्याच जीपनं परत गेली, शेळ्या उघड्यावर आहेत म्हणून. तोवर माझे डोळे सुजून पुरते बंद झाले होते. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

दवाखान्यातून फोन गेला तशी बायको एसटीनं आली. खाटेशी बसली. मी सगळं सांगितलं, खोटंसुद्धा. तिनं पदर ओला करून माझ्या तोंडावर ठेवला. मग म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडाचं काय झालंय, हसूही येईना अन् रडूही येईना." आणि तिला दोन्ही आलं.

बरा झाल्यावर आम्ही दोघं त्या वस्तीवर गेलो. बायकोनं लुगडं आणि नारळ घेतला होता. मावशींनी चहा टाकला. मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही तिथं कशा काय आलात?"

"माजी एक शेळी चुकल्ती. गाभण होती. आमी त्या घळीत कवाच शेळ्या नेत न्हाई, माश्यायमुळं. पण सगळीकडं पाह्यलं, मंग म्हणलं, तिकडं बी पाहू. ऊन आल्तं, तरी घोंगडी खांद्यावरच राह्यली, ठेवायची इसरले."

"मग सापडली का शेळी?"

"न्हाई. गेली ती. लांडग्यानं नेली आसंल."

मी कप खाली ठेवला. मी म्हणालो, "तुमचं एवढं नुकसान झालं, आणि मी..."

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "अवो दादा, ती चुकली नस्ती तर मी कशाला आले अस्ते तिकडं?" एवढं बोलून त्या माझ्या बायकोकडं वळल्या आणि पोराबाळांची चौकशी करू लागल्या.

मग त्या आम्हाला कपारीशी घेऊन गेल्या. दुरूनच, पावलं न वाजवता. बायकोनं हळूच विचारलं, "इथं काय वाहायचं असतं?" मावशी कुजबुजल्या, "काय न्हाई. उगं बसायचं." आम्ही तिघं ओढ्यातल्या एका सपाट दगडावर बसलो. वर मोहोळं तशीच होती, त्यांचा मंद आवाज घळीत भरून राहिला होता. मी हात जोडले. कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही ते ठरवावं लागलं नाही.

तो चमत्कार होता का, हे मला कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. एक शेळी चुकली, एक बाई शोधत आली, एवढंच घडलं. आता माझं फिरणं चालूच आहे, बायको मागं बसलेली असते आणि निघताना शेजारी सांगून निघतो. पूर्वी मला माणसं नसलेली जागा हवी असायची. आता आडरानात कुणी गुराखी, कुणी सरपणवाली दिसली की मी गाडी थांबवतो आणि रामराम घालतो. देवाबद्दल मला फारसं कळलं आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या हातांनी होतं तेवढं करावं. ते संपतं तिथं हात सोडून पडून राहता आलं पाहिजे. त्याच्या आधीच कुणीतरी खांद्यावर घोंगडी टाकून आपल्याकडं निघालेलं असतं. त्या अर्ध्या तासाबद्दल मी कृतज्ञ आहे.