दाजी आणि कुलपातला कॉम्प्युटर

आमच्या दाजींचं जगातल्या एकाही यंत्राशी कधी पटलं नाही, आणि यंत्रावाचून त्यांना एक दिवसही करमलं नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्याविषयी शांतपणे लिहावं म्हणून मी बऱ्याचदा कागद पुढे ओढला, पण दोन ओळी झाल्या की तो चुरगाळून टाकतो, आणि तोही दुःखाने नव्हे, रागाने. तेव्हा आता राग धरूनच लिहितो. दाजींना तरी तो परका वाटणार नाही. ते झोपेतून उठायचे तेच कुणावर तरी चिडून, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा स्टोव्ह असायचा.

रामनगरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावात त्यांची पिठाची गिरण होती. मूळचे ते सुप्याकडचे. तिथलं घर, शेत आणि गिरण धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर इकडे येऊन त्यांनी पुन्हा गिरणीचा पट्टा चढवला. पण वीज अशी यायची की दळता दळता जातं दमेकऱ्यासारखं धापा टाकायला लागायचं. मग दाजी गिरणीच्या दारात येऊन गिऱ्हाइकांना विचारायचे, “जिथं माझी गिरण होती तिथं आता पाणी हाय. त्या पाण्याची वीज करत्यात. आणि त्या विजेवर माझी गिरण चालंना! हेला काय म्हणायचं, सांगा की!” डोक्यावर डबे घेतलेल्या बायकांना काहीच म्हणायचं नसायचं. त्यांना पीठ हवं असायचं.

कुठलीही नवी वस्तू गावात आली की ती आधी दाजींच्या मतातून पास व्हावी लागे. कुकर त्यांना आवडत नसे, कारण “काम करणाऱ्यानं शिट्ट्या कशाला माराय पायजेत?” रिमोटचा टीव्ही घेणाऱ्याला त्यांनी तोंडावर सांगितलं, “उठून बटण दाबाय होत न्हाई, तर जागं तरी कशाला ऱ्हातंस?” माझ्याकडे उन्हावर चालणारा कॅल्क्युलेटर होता. तो त्यांनी आषाढात हातात घेतला, बाहेरच्या धारांकडे पाहिलं आणि भडकले. “हे तालुक्याला जोयड्यात विकणाऱ्याला हितं आणून चार महिने बसीवला पायजे. बघू दे, त्याला तरी ऊन लागतंय काय.” बोलून झालं की तीच वस्तू ते मांडीवर घेऊन स्क्रू ड्रायव्हर मागायचे. दुरुस्ती झाल्यावर थोडे स्क्रू हटकून उरत. “कंपनीवाले जास्तीचे घालत्यात,” असं सांगून ते खिशात टाकत. अक्काचा मिक्सर त्यांच्या हातून सुधारून आला तो चटणी वाटण्याऐवजी भिंतीवर फेकायला लागला. अक्का म्हणाली, “भिंतीला घाला आता जेवाय.” दाजी आठवडाभर मिक्सरशी बोलले नाहीत.

मात्र त्यांची सगळ्यांत ठाम मतं कॉम्प्युटरविषयी होती, आणि कॉम्प्युटर त्यांनी पाहिलेला नव्हता. कॅसलरॉकला रेल्वेत नोकरी करणारा त्यांचा एक मित्र गाडीत मिळालेली इंग्रजी मासिकं आणून देई. मी हायस्कुलात शिकवतो, म्हणून ती वाचून अर्थ सांगायचं काम माझं. गिरणीच्या धडधडीत मी ओरडून वाचायचो, म्हणजे मला वाटायचं की मी ओरडतो आहे. “मास्तर, तुझं तुला तरी ऐकू येतंय काय रे?” असं म्हणून ते मोटार बंद करायचे आणि ऐकत बसायचे. मध्येच थांबवून म्हणायचे, “माऊस कशाला? बोटं काय भाड्यानं दिल्यात?” पण मासिक मिटलं की आवाज खाली येई. “एकदा हात लावाय पायजे रे त्याला. एकदा तरी.”

आणि कॉम्प्युटर आला. पुण्यात बरं चाललेल्या एका माजी विद्यार्थ्याने तो आमच्या शाळेला भेट दिला. शाळेच्या चेअरमनांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. त्यांनी नारळ फोडला, पडद्यावर कुंकवाचं बोट ओढलं, दुकानातलं लाल मखमल कापून त्याला झगा शिवला आणि खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली. खोलीबाहेर पाटी आली: चपला बाहेर काढाव्यात. चपला काढून जायचं कुठे, ते पाटीवर नव्हतं. पोरं खिडकीच्या फटीतून मखमलीचं दर्शन घेत आणि परीक्षेच्या दिवशी लांबून हात जोडत.

दाजी दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. मी बरोबर होतो. “पोरास्नी बसू दे की वो त्याच्यापुढं. आणि एकदा मला.” चेअरमनांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसून म्हणाले, “तुमच्या हाताला पीठ असतंय, दाजी.” बसलेली गिऱ्हाइकंही हसली. दाजी घरी आले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, इस्त्रीचा सदरा घातला आणि परत गेले. तेव्हा उत्तर मिळालं, “बघू, शिकवणारा आला म्हणजे.” शिकवणारा कुणी बोलावलाच नव्हता. हे मी आज लिहितो आहे तरी माझे कान तापतात.

पावसाळाभर ती खोली बंद राहिली. आमच्याकडे त्या दिवसांत माणसाच्या अंगावर तेवढी बुरशी यायची बाकी असते. खंडेनवमीला पूजेसाठी झगा काढला तर आत भुरकट लव चढलेली, आणि बटण दाबलं तर काही नाही. आता चेअरमन आपल्या पायांनी गिरणीत आले. “दाजी, बघा वो जरा. तुमास्नी कळतंय न्हवं त्यातलं.”

“पीठ हाय हाताला,” दाजी म्हणाले. पण गेले.

त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “भिजलंय बिचारं,” आणि अक्काला शेगडी घेऊन बोलावलं. पावसात तान्ह्या बाळाची दुपटी आम्ही जशी सुकवतो, तसं अक्काने शेगडीत निखारे केले, त्यावर वेताची बुट्टी पालथी घातली, आणि दाजींनी कॉम्प्युटरचं पोट उघडून वर ठेवलं. चेअरमन “अहो! अहो!” करत भोवती फिरत होते. “कडला व्हा,” अक्का म्हणाली, “वारं अडवालासा.” निखाऱ्यांवर राख सारत, हाताने ऊब बघत दोघांनी त्याला दिवसभर शेकलं. मग तारा जोडल्या, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर एक बारीक रेघ उघडझाप करायला लागली.

दाजींनी दोन्ही हात सदऱ्याला पुसले. इतक्या वर्षांची मतं, आणि आता काय करायचं ते माहीत नाही. शेवटी एका बोटाने, अक्षरं शोधून शोधून, त्यांनी इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. मी दाखवलेलं बटण दाबलं. खाली लगेच एक ओळ उमटली. मी अर्थ सांगितला: असं काही आपल्याला ठाऊक नाही.

दाजी मोठ्यानं हसले. “वळखत न्हाई म्हणालंय! खरं बोलतंय बघ, मास्तर. वळख असून न्हाई म्हणणाऱ्यातलं न्हवं हे.” आणि दुसऱ्यांदा बोट पुढे केलं, तोच चेअरमनांनी बटण बंद केलं. “झालं न्हवं? लावलासा न्हवं हात?” मखमल चढली, कुलूप लागलं.

त्यानंतर दाजी जवळजवळ रोज किल्ली मागायला जात. स्वतःसाठी नंतर मागेनात, पोरांसाठी मागत. दुकानातून परत येताना त्यांचा आवाज रस्त्याच्या वळणावरूनच ऐकू येई. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी पट्टा चढवताना छातीत कळ आली आणि ते गिरणीतच गेले. शाळेने शोकसभा घेतली. चेअरमन रुमाल काढून रडले, दाजींना संगणकयुगाचा अग्रदूत म्हणाले, आणि त्यांचा फोटो कॉम्प्युटरच्या खोलीत लावायचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत! मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. उठून दोन शब्द फेकून मारावेत असं वाटत होतं, पण माझा राग घशापर्यंत येतो आणि तिथेच बसून राहतो.

दुसऱ्या दिवशी चेअरमन फोटो न्यायला घरी आले. अक्का उंबऱ्यात आली. तिने विचारलं, “खोलीला कुलूप असणार?”

“असणार की, अक्का. वस्तू किमती हाय.”

“मग मेल्यावर तरी त्यास्नी कशाला कोंडून घालतासा? दार उघडं ठेवा, पोरं बसू देत, त्या दिवशी फोटो न्या.”

चेअरमन पुन्हा आले नाहीत. फोटो अक्काच्या घरातच आहे. पलीकडच्या वर्गात शिकवताना मला ते कुलूप दिसतं. आता शाळा सुटली की मी दुकानात जाऊन किल्ली मागतो. ते बघू म्हणतात आणि कापड मोजायला लागतात. तिथून मी अक्काकडे जातो. गिरण बंद असल्यामुळे त्या घरात आता कितीही हळू बोललं तरी ऐकू येतं.

“दिली?” ती विचारते.

“न्हाई.”

चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती समोर बसते.

“जोरानं मागितलास काय रे?”