नलूकाकू आणि सराईतली बहीण

नलूकाकू गेममधल्या माणसांनासुद्धा जेवायला विचारायच्या. तेही मोठ्यानं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खरंच कुणी पाहुणा आलाय.

नगरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. मूळच्या कर्जतच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. मी गेमसाठी गोष्टी लिहिते. आमच्या नव्या गेममध्ये वाळवंटातल्या सराईची एक मालकीण असते. वाटसरू येतात, आपली हकीकत सांगतात आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते खेळणाऱ्यानं बटण दाबून ठरवायचं. कधीच गेम न खेळलेल्या माणसाकडून तो तपासून घ्यायचा होता, म्हणून मी काकूंना टॅब दिला आणि माझा छळ सुरू झाला.

मी मीटिंगमध्ये असले की हमखास त्यांचा फोन.

"मने, ह्यो उंटवाला खोटं बोलतुया. घेऊ का आत?"

"काकू, तुम्हाला वाटेल ते करा."

"आन् त्यानं चोरी केली म्हंजी?"

"मग पुढचा भाग बदलेल. गेम आहे तो!"

"तुला गेम. मला त्याच्यासंगं ऱ्हायचंय."

गुण, नाणी, बक्षिसं यांच्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत. "नानी ठिव तुझ्यापाशीच. त्याच्या बायकूचं काय झालं ते सांग." मी सांगत नसे. मग जिन्यात भेटल्या की तोंड फिरवायच्या. इकडे त्यांची भाजी करपायची आणि वास आमच्या मजल्यापर्यंत यायचा.

शेवटच्या भागात मालकिणीची दुरावलेली बहीण दारात येऊन माफी मागते. खाली तीन बटणं: 'आत ये', 'का आलीस?', 'निघून जा'. ऑफिसात सगळ्यांनी पटकन एकेक दाबलं आणि मोकळे झाले. काकू तिथंच अडल्या. माझी मुदत संपत आली, तरी ती बहीण आपली दारातच उभी.

"काकू, दाबा ना कुठलंही एक!" मी वैतागून म्हणाले.

"तिन्ही खोटी हाईत. ही माफी मागती, पर तिनं केलं काय, ते तू लिव्हलंच न्हाई."

"ते खेळणाऱ्यानं मनात धरायचं असतं."

"मला धराया लागत न्हाई." मेथी निवडता निवडता त्या बोलू लागल्या. धाकटी बहीण इंदू कर्जतलाच असते. आई तिच्याकडे होती. आई गेली तेव्हा इंदूनं निरोपच दिला नाही. सगळं उरकल्यावर काकूंना परक्यांकडून कळलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

माझं काम द्यायच्या दिवशीच सकाळी काकू पिशवी घेऊन दारात. "कर्जतला सोड मला. यष्टीनं गेले तर मन फिरंल, मधीच उतरंन मी."

मी चरफडत गाडी काढली. वाटभर ऑफिसचे फोन. मिरजगावला काकू म्हणाल्या, "फिरव गाडी."

"मुळीच नाही! रजा टाकलीय मी तुमच्यापायी."

इंदूबाईंनी दार उघडलं. आधी काकूंच्या पायांकडं बघितलं. मग इंदूबाई म्हणाल्या, "चपला भाईर काढ. आत्ताच पुसलंय."

काकू पायरीवरच बसल्या आणि हमसून रडल्या. डोळे पुसत माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बग, ह्ये तुला सुचलं नसतं." खरंच नसतं सुचलं. म्हणूनच तर जास्त राग आला.

दोन दिवसांत येते म्हणाल्या होत्या. महिना झाला, त्यांच्या तुळशीला पाणी मी घालते, दूधवाल्याला मी परत पाठवते. काल फोनवर सरळ विचारलं, "काकू, येणार आहात की नाही?"

"कशी येऊ? इंदी आईच्या शेवटच्या दुखन्याचं सांगती. रोज थुडं सांगती, मग रडती, मग माझ्यासंगं भांडती." पलीकडून भांड्यांचा आवाज आला. काकूंनी आवाज खाली आणला. "आजून आई दवाखान्यातच हाय, मने. इंदीला इचारतीया, नलू कवा येनार म्हनून."