तंबाखू न्हाई, नुसतं दात घासते

आज सकाळी अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, परभणीला डॉक्टर मॅडमकडं नेलं. तिच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय.

मॅडमनी विचारलं, "तंबाखू खाता का?"

"न्हाई बाई, कधीच न्हाई."

मॅडमनी कागदावर 'नाही' लिहिलं.

अक्का खोटं बोलली नव्हती. तव्यावर तंबाखू जाळून केलेली मिश्री ती दिवसातून चारदा लावते. पण आमच्या जिंतूरकडं बायका त्याला 'दात घासणं' म्हणतात.

बहात्तरच्या दुष्काळात अक्का खडी फोडायला जायची, मी शाळेत. भाकरी एकच असली की आई ती मला द्यायची आणि अक्काच्या तळहातावर मिश्री. "घास दात, भूक मरती."

ती भाकरी खाऊन मी मास्तर झालो. आयुष्यभर पोरांना आरोग्याचे धडे दिले. अक्काला एकदाही म्हणालो नाही, फेक ती डबी.

आज मीच मॅडमना खरं सांगितलं. गालाचा तुकडा तपासायला पाठवलाय. "पालेभाज्या, फळं खा, पोटभर जेवा," मॅडम म्हणाल्या.

अक्का माझ्याकडं बघून हसली. "हे तवाच आईला कुणी सांगाया पायजे होतं रे."

तुमच्याही घरी विचारा. फक्त तंबाखू खाता का, असं विचारू नका. दात किती वेळा घासता, ते विचारा.