एक बिस्कीट आणि एक्क्याऐंशी किलो गूळ

कोडोलीला नणंदेच्या गुऱ्हाळावर मी गुळाच्या काट्यावर चढले, तिथून हे सगळं सुरू झालं. आलेल्या पाहुण्याला उसाचा रस पाजायचा, वाटीभर गरम काकवी द्यायची आणि जाताना काट्यावर उभं करून त्याचं वजन ओरडून सांगायचं, ही त्यांच्याकडची थंडीतली करमणूक. नणंदेच्या यजमानांनी डोळे बारीक करून आकडा वाचला आणि रस उकळणाऱ्या चुलवाणापर्यंत जाईल अशा आवाजात पुकारला, "एक्क्याऐंशी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे वजनाला टाळ्या पडतात. नणंद कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघा की! वैनीला आमच्या घरात काय कमी हाय?" मीही लाजायचं सोडून पदर सावरला आणि जत्रेतल्या तमाशातल्या राणीसारखा सगळ्यांना हात केला.

दुसऱ्या दिवशी घराच्या तीन पायऱ्या चढताना उजव्या गुडघ्यानं माझा सगळा तमाशा बंद पाडला. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, "आठ-नऊ किलो उतरवा, नाहीतर गुडघा बदलायचं बोलू." मी गंभीरपणे मान हलवली आणि घरी येऊन त्या धक्क्यातून सावरण्यासाठी शिरा केला.

मार्चमध्ये लेकीच्या बाळंतपणाला हॉलंडला गेले. बॅगेत डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खारीक, सुंठ आणि एकच ध्येय होतं, लेकीला चाळीस दिवसांत भरून काढायची. तिथं बाळंतिणीच्या मदतीला आठवडाभर एक बाई घरी येते. माझ्याच वयाची, सहा फुटी, वाऱ्यापावसात सायकल हाणत यायची. मी मोठ्या थाटात लाडवांचा डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं एक लाडू उचलला, वास घेतला आणि लेकीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतीया?"

"औषध आहे का, आणि दिवसातून किती घ्यायचं, असं विचारतेय."

तिथला जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी. चौदा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर अर्धंच पाऊल मावतं. बाळाची खोली वर, माझी गादी खाली. दुसऱ्याच दिवशी लेक म्हणाली, "आई, राग मानू नकोस. पण बाळाला घेऊन जिना चढायचा-उतरायचा नाही. तुझा गुडघा निसटला तर?"

राग कसला मानणार, खरंच होतं ते. पण इतकं महागडं विमानाचं तिकीट काढून, तीन देश ओलांडून गेले आणि पहिले तीन आठवडे मी नातवाचं रडणं जिन्याखाली उभी राहून ऐकलं. पहिल्या आठवड्यात ती सहा फुटी बाई बाळाच्या कपड्यांची टोपली घेऊन तरातरा वर जायची. वरून बाळाशी तिच्या भाषेत काहीबाही बोलायची. मी खाली कठड्याला धरून उभी.

मग त्या देशानं मला कामाला लावलं. रिक्षा नाही. दुकान चालत, बाग चालत, बसचा थांबासुद्धा चालत. दुपारी गरम जेवण नाहीच, गार पाव आणि चीज. संध्याकाळी सहाला जेवण, आणि एकदा पानावरून उठलं की कुणी "अजून थोडं" म्हणत नाही. मी वाट बघायचे. माझी सवयच तशी, पहिल्यांदा नको म्हणायचं म्हणजे दुसऱ्यांदा वाढता येतं. तिथं पहिलं 'नको' खरंच धरतात! जावई वाटी उचलून आत नेऊन ठेवायचा.

शेजारणीनं एकदा कॉफीला बोलावलं. कॉफी आली. तिनं एक निळा पत्र्याचा डबा उघडला, माझ्यापुढे धरला, मी एक बिस्कीट घेतलं, आणि टक्! झाकण लागलं. डबा कपाटात गेला. मी तासभर त्या कपाटाकडे बघत बसले. घरी येऊन लेकीला म्हटलं, "काय चुकलं गं माझं?"

"काही नाही. एकच असतं."

आता खरं सांगते, ती माणसं काही संन्यासी नाहीत. बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर पांढरं दाट काहीतरी थापून रस्त्यात उभ्यानं खातात. सकाळी पावावर चॉकलेटचे दाणे पेरून खातात. दूध तर आमच्याइतकंच पितात. तिथं जाडी माणसं नाहीत असंही नाही. पण जेवढं घेतलं तेवढंच, आणि मग पाय हालवायचे. मी त्या सायकलवाल्या बाईला विचारलं, "तुम्ही व्यायाम काय करता?" ती म्हणाली, "कसला?"

तीन महिन्यांत माझं नऊ किलो वजन गेलं. बहात्तर. गुडघा गप्प झाला. निघायच्या आदल्या दिवशी लेकीनं बाळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः माझ्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, तीन पायऱ्या खाली उभी राहिली. मी चौदा पायऱ्या उतरले. खाली आल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेव्हा मीच वाजवल्या. शेजारणीनं निरोपाला तो निळा डबा दिला.

शाहूपुरीचे डॉक्टर खूश झाले. "डिसेंबरपर्यंत हे वजन टिकवा. टिकलं तर ऑपरेशनचा विषय बंद. मार्चमध्ये नातवाच्या वाढदिवसाला खुशाल जा."

मला तेवढंच हवं होतं. वाढदिवसाच्या सकाळी नातवाला कडेवर घेऊन मी तो जिना उतरणार, आणि लेक खाली हात पसरून उभी नसणार.

पण डॉक्टरांनी वजन टिकवायला सांगितलं, कोल्हापुरात कसं टिकवायचं ते सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी चालायला निघाले. कोपऱ्यापर्यंत पोचले नाही तोवर एक गाडी थांबली. "वैनी, बसा की, सोडतो." "नको, चालतीया." "असं कसं? गाडी बंद पडलीया व्हय तुमची?" चौथ्या दिवशी गल्लीत बातमी, की आमच्या ह्यांनी गाडी विकली. पाचव्या दिवशी हे स्वतः गाडी घेऊन माझ्या मागं मागं, पहिल्या गेअरमध्ये, घराची अब्रू राखत.

मग डबा. शेजारच्या काकू आल्या, मी चहा ठेवला, निळा डबा उघडला, त्यांनी एक बिस्कीट घेतलं आणि मी झाकण लावलं. टक्. काकूंनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या. संध्याकाळी त्यांच्या घरून ताटभर भजी आली. वर निरोप, "लागलं तर मागा, लाजू नका."

आणि मग नणंद आली. म्हैस व्यायली होती म्हणून चिकाच्या दुधाची किटली घेऊन, थेट कोडोलीहून. मला बघताच किटली उंबऱ्यावर ठेवून ती तिथंच बसली.

"वैनी! ह्ये काय ध्यान झालंय वो?"

"वजन उतरवलंय, वन्सं. डॉक्टरांनीच सांगितलं हुतं."

"लेकीकडं गेलेलं माणूस भरून येतंय. तुम्ही रितं हून आलाय. खायला घातलं न्हाई व्हय तिनं?"

"घातलं की. पाव घातला."

"पाव!" तिनं कपाळाला हात लावला. "आईला पाव! त्यो आजाऱ्याला घालत्यात!" आणि एकदम आवाज खाली आणून ती भावाकडे वळली. "दादा, खरं सांगा. मोठा आजार हाय न्हवं? माझ्यापासनं लपवताय."

आता आमच्या ह्यांनी एक शब्द बोलायचा होता, 'नाही'. पण मी आल्यापासून त्यांच्याही ताटातलं तेल कमी झालं होतं, आणि त्या दुःखानं त्यांनी एक लांब उसासा सोडला. "काय सांगायचं आता," ते म्हणाले.

नणंदेनं डोळ्याला पदर लावला. मी पाच वेळा सांगितलं, की मी ठणठणीत आहे. पण लपवणारा माणूस दुसरं काय सांगणार?

आठवड्यानं तिचा फोन. "वैनी, आता घोर लावून घेऊ नका. मी जोतिबाला बोललोय. तुम्ही परत एक्क्याऐंशीवर आलासा की तुमच्या भारोभार गूळ वाटतो म्हणून. आन् तवर मी गोड सोडलंय."

"वन्सं! देवाला माझं वजन वाढवायला सांगितलंत?"

"मग काय कमी करायला सांगू?"

गुऱ्हाळाची मालकीण, आणि माझ्यासाठी गोड सोडलेलं. ह्यावर माणसानं रागवायचं कसं? मी फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच ओरडले.

त्यानंतर कोडोलीहून शहरात येणाऱ्या प्रत्येक गाडीवरून माझ्यासाठी काहीतरी यायला लागलं. लोणी, तूप, शेंगदाण्याची पोळी, गाभोळीचा बांगडासुद्धा एकदा. नणंदेच्या शेजारणी क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा फोनवर विचारायच्या, "किती झालं?" मी "बहात्तर" म्हटलं की पलीकडून हळहळ. लग्नाला गेले तर पंगतीत वाढपी माझ्यापुढे थांबून राहायचा, कारण त्याला कुणीतरी डोळ्यानं खूण केलेली असायची. "नवस हाय, वैनी. देवाच्या कामाला न्हाई म्हणू नगा." खाल्लं तर गुडघा जातो, नाही खाल्लं तर देव अडकतो आणि नणंद चहासुद्धा बिनसाखरेचा पिते. गंमत म्हणजे गोड सुटल्यानं तीच दिवसेंदिवस सडपातळ होत चालली, आणि त्याचं कारण काय, तर म्हणे माझी काळजी.

लेकीनं फोनवर सहज सांगितलं, की ती डिसेंबरात बाळाला घेऊन येते आहे आणि बाळ आता नऊ किलोचं झालंय. मी फोन हातात धरूनच नाचले. बहात्तर अधिक नऊ! लगेच कोडोलीला फोन लावला.

"वन्सं, तुम्ही देवाला वैनी एक्क्याऐंशीवर आली की, असं बोललाय न्हवं? मांडीवर लेकरू चालंल का?"

"थांबा," म्हणून तिनं फोन ठेवला. मग तिनं गुरवाला विचारून कळवलं, "मांडीवरचं पोर बाईतच धरत्यात म्हणं. चालतंय."

जिंकले! निदान मला तसं वाटलं. इथं एक कबुली देते. आमच्या घरच्या काट्याचा सेल दसऱ्यालाच संपला होता आणि मी तो बदलला नव्हता. फोनवर सगळ्यांना जे 'बहात्तर' सांगत होते ते सवयीनं.

डिसेंबरात आम्ही कोडोलीला गेलो. गुऱ्हाळ जोरात होतं, काहिलीतून वाफ उठत होती. तुलेसाठी मोठा तराजू आणला नव्हता, तोच तो काटा, आणि शेजारी मांडून ठेवलेल्या गुळाच्या ढेपा. मी पाटावर बसल्यासारखी काट्यावर बसले. लेकीनं बाळ मांडीवर दिलं. नणंदेनं हळदकुंकू लावलं. तिच्या यजमानांनी डोळे बारीक केले, मग आणखी बारीक केले, आणि आरोळी ठोकली.

"चौऱ्याऐंशी!"

"चांगभलं!" सगळं गुऱ्हाळ ओरडलं. टाळ्या, शिट्ट्या. नणंद रडायलाच लागली. "बघितलासा? मागितलं त्याच्या वर तीन दिलं देवानं!"

मी हिशेब केला. बाळाचे नऊ वजा केले. दुसऱ्यांदा वजा केले. पंच्याहत्तर. चालायला निघाले तर गाडीवर बसवलं, डबा बंद केला तर भजी धाडली, आणि सहा महिन्यांत ह्या प्रेमळ माणसांनी त्या गार पावाची एक तृतीयांश मेहनत माझ्या अंगावरून पुसून टाकली. आणि मीही, सेल न बदलता, पुसू दिली. डॉक्टरांची तारीख चार दिवसांवर होती.

उठताना उजवा गुडघा कटकन वाजला. लेकीनं ऐकलं. तिनं बाळ माझ्याकडून काढून घेतलं, जरा घाईनंच, आणि कानाशी येऊन म्हणाली, "आई, आमचा जिना अजून तेवढाच उभा आहे."

नणंदेनं ढेपेचा खडा फोडला, आधी माझ्या तोंडात घातला, मग स्वतःच्या. पाच महिन्यांनी तिच्या जिभेला गोड लागत होतं, डोळे मिटून चघळत होती. त्या क्षणी थुंकायचं कसं? मी गिळला. गूळ छान झाला होता, तो आणखी एक त्रास.

तिनं दुसरा खडा पुढे केला तेव्हा मी पिशवीतून निळा डबा काढला. बाळाची बिस्किटं होती त्यात. "ह्यात द्या, वन्सं. घरी खाईन. एकच."

"एक कसलं! पोराच्या वाढदिवसाला तिकडं न्यायचा हाय न्हवं?" असं म्हणून तिनं डबा माझ्या हातातून घेतला, बिस्किटं बाजूला सारली आणि गुळाचे खडे दाबून दाबून भरले, काठाच्या वर शीग लागेपर्यंत. मग हसत माझ्या हातात परत दिला.

मी झाकण ठेवलं. दोन्ही तळहात त्यावर टेकवले आणि माझे पंच्याहत्तर किलो लावून दाबलं. बसेना.