मलकापूर ते जुनं गोवं, एका बुधवारी

"मला जुन्या गोव्याच्या देवाला जायचंय," असं आत्यांनी जाहीर केलं तेव्हा विजय बिनमिठाचं उप्पीट गिळत होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. विजय त्यांचा एकुलता मुलगा आणि माझा नवरा. महिन्याभरापूर्वी त्याच्या छातीत दुखलं, कऱ्हाडात दोन स्टेंट पडले आणि घरातलं मीठ, तेल, हसणं सगळंच कमी झालं.

"मंगेशीला का?" मी विचारलं.

"न्हाई. त्या मोठ्या चर्चात. चांदीच्या पेटीत संत हाय तिथं."

शिखर शिंगणापूर सोडून आत्यांनी आजवर कुठल्या देवाला जायचा हट्ट धरला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जायचंय म्हणजे जायचंय. आन् विजय पायजे संगं."

मामा सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना कारण लागत नाही, मोहीम लागते. एका दिवसात जाऊन यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. प्रश्न उरला वाराचा. तुम्हीही जाणार असाल तर सांगते, रविवारी सकाळी तिथं प्रार्थना असतात, दर्शनाला खोळंबा होतो. पण आमची खरी अडचण वेगळी होती. डॉक्टरांनी मटण बंद केलं असलं तरी मासे चालतील म्हटलं होतं, आणि विजयच्या लेखी ही यात्रा संतापेक्षा सुरमईची होती. सोमवार मामांचा, मंगळवार माझा, गुरुवार आत्यांचा, शुक्रवारी आत्यांची देवी, शनिवार विजयचा स्वतःचाच. आमच्या सगळ्या देवांनी मिळून बुधवार तेवढा मोकळा ठेवला होता. बुधवार ठरला.

कऱ्हाडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरातून पहाटे निघालो. गाडी मी चालवत होते, कारण विजयला अजून परवानगी नव्हती. शेजारी मामा, म्हणजे मी चालवते आणि मामा गाडी हाकतात असा कारभार. रस्त्याचं म्हणाल तर कोल्हापूरपर्यंत जागोजागी कामं चालू आहेत, वळसे सोसायची तयारी ठेवा. निपाणी ओलांडून संकेश्वरला हायवे सोडला, मग आजरा, मग आंबोली. तिथं पोहे आणि चहा घेतला. माकडं धीट आहेत, काचा उघड्या ठेवू नका. घाटात मामा दर वळणाला "हॉर्न" म्हणत होते. मागं विजय फोनवर कुठलं हॉटेल चांगलं ते बघत होता. आत्या मात्र बाहेर बघत होत्या.

सावंतवाडी, बांदा, म्हापसा करत जुन्या गोव्यात पोचलो. चर्च बाहेरून बिनगिलाव्याचं, लालसर जांभ्याचं. "आपल्या शाळंपेक्षा जुनं दिसतंय," मामा म्हणाले, आणि ही त्यांची कौतुकाची रीत आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेर बायका मेणबत्त्या विकतात. त्या पेटवायची जागा वेगळी असते, विचारून घ्या. आत्यांनी सगळ्यांत मोठी घेतली.

आत गार आणि शांत होतं. समोर सगळं सोनेरी, आणि उजवीकडं उंचावर ती चांदीची पेटी. इतकी उंच, की आपण दर्शन घेतो ते पेटीचंच. बाकावर झगा घातलेली एक म्हातारी बाई जपमाळ ओढत बसली होती. आत्या सरळ तिच्याकडं गेल्या.

"बाई, लेकरू दाखवायला आणलंय. कुठं हुबं करायचं?"

म्हातारीनं आमच्या मागं पाहिलं. "भुरगो खंय?"

मूल कुठंय, एवढं आत्यांनाही कळलं. त्यांनी विजयचा दंड धरून त्याला पुढं ओढलं. "ह्यो काय."

चव्वेचाळीस वर्षांचा, ढेरी सुटलेला, कानावर पिकलेला विजय. म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "बरो वाडला गो."

मला हसू आवरेना. मग आत्यांचा चेहरा दिसला आणि हसू थांबलं.

"अंबाल्याच्या क्वार्टरात झाला ह्यो," त्या आम्हाला नव्हे, त्या बाईलाच सांगू लागल्या. "धुकं पडलेलं, दवाखान्याची गाडी वाटंतच. निळा पडला हुता. रडंना. शेजारी फिलोमिना ऱ्हायची, गोव्याची. तिनं पाय धरून उलटा केला, पाठीवर थापट्या मारल्या, आन् मोठ्यानं तुमच्या ह्या संताला हाका. म्हणली, रडला तर आणून दाखवीन. मग रडला." मेणबत्ती सावरत म्हणाल्या, "त्यांची बदली झाली. दाखवायचं ऱ्हायलं ते माझ्याकडं."

मामा पाठीमागं ताठ उभे होते. "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा हुता घरी?" आत्या म्हणाल्या. रागानं नाही, विचारल्यासारखं. "बॉर्डरवर हुता. पत्रात लिवलं, मुलगा झाला, बरा हाय. काळजी कशाला लावायची?"

मामा बाकावर बसले.

विजय पेटीसमोर गेला, हात जोडायचे की गुडघे टेकायचे ते न कळून नुसता उभा राहिला. ऑपरेशनच्या टेबलावर नेताना विनोद करणारा माणूस, तिथं खिशात रुमाल शोधत होता. मी दिला.

बाहेर मेणबत्ती लावून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आता जेवायला?"

"आज न्हाई खायाचं मासं," आत्या म्हणाल्या. "देवाला आलोय."

म्हातारी मागोमाग बाहेर आली होती. "खा रे पुता," ती म्हणाली, "तो कांय म्हणचो ना." म्हणजे संत काही म्हणायचा नाही. आत्यांनी नाही म्हणून मान हलवली ती हलवलीच. गोव्यात आम्ही पुरी-भाजी खाल्ली. बरी होती.

परतीच्या वाटेवर मामांनी एकदाही हॉर्न म्हटलं नाही. घाटात मला जरा चुकल्यासारखंच झालं.

एका दिवसात होतं का, असं मला आता लोक विचारतात. होतं, पण कंबर मोडते. वाटेत मुक्काम करा. स्टेंट की संत, हा हिशोब आमच्याकडं लागलेला नाही, आणि विजय दोन्ही वेळेवर घेतो, डॉक्टरांच्या गोळ्या आणि आईचा अंगारा. फरक पडलाय तो मामांमध्ये. संध्याकाळी ते अंगणात खुर्ची आत्यांच्या जवळ ओढून घेतात आणि आपण नसलेल्या वर्षांबद्दल एकेक विचारतात. पहिलं पाऊल कुठं टाकलं, ताप आला तेव्हा कोण होतं, आटा कोण आणायचं. आत्या निवडत असलेल्या भाजीतून मान वर न काढता तेवढ्यास तेवढं उत्तर देतात.

काल मामांनी विचारलं, "ती फिलोमिना दिसायला कशी हुती गं?"

आत्यांनी पहिल्यांदाच भाजीतून मान वर काढली.

"उंच," त्या म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा."