आमच्याकडे असं होत नाही

ऑफिसात तिला सगळे खुसपटताई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. कंपनीचं काम वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहिण्याचं. मालाचा ट्रक काट्यावर उभा राहिला की खिडकीतल्या माणसाला पडद्यावर वजन दिसतं, ते दाखवणारा प्रोग्राम. पण बाईला नाद होता तो वेगळाच. ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचे, त्या भाषेतच चुका शोधायच्या! भाषेचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे कुठली आज्ञा काय करते ते सांगणारी पानं, लोक अडलं तरच उघडतात. ही ती अशी वाचायची, की जणू कुणीतरी मुद्दाम तिलाच फसवायला लिहून ठेवलीत. चूक दिसली की भाषा सांभाळणाऱ्या मंडळींकडे तक्रार ठोकलीच. ती मंडळी कुठल्या कुठल्या देशांतली, बिचारी फुकट राबणारी. हिचं नाव दिसलं की त्यांनाही घाम फुटत असणार.

अशी तक्रार करायची एक रीत असते. आपला लांबलचक प्रोग्राम कुणाच्या गळ्यात मारायचा नाही. ज्या ओळींचा चुकीशी संबंध नाही त्या एकेक करून छाटत जायच्या, आणि उरलेल्या चार ओळींत चूक उघडी पाडून दाखवायची. या छाटणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि समोरून ‘आमच्याकडे असं होत नाही’ असं उत्तर आलं, की बाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. “होत नाही म्हणजे काय? इथं होतंय ना? मग शोधा की!”

त्या आठवड्यात नेमकं तेच उत्तर आलं होतं. एका काट्यावर वाळूचा ट्रक दसपट वजनाचा दिसला. साडेबारा टनांचे सव्वाशे टन! ट्रकवाला आनंदला, वाळू घेणारा खवळला. मजकुरातला आकडा वाचणारी एक आज्ञा मधलं दशांशाचं टिंब गिळत होती. डॉक्युमेंटेशनमध्ये तर ठणकावून लिहिलेलं, की ही आज्ञा कुठल्याही सेटिंगकडे बघत नाही. हिनं छाटून छाटून पाच ओळींचा नमुना केला, चालवून बघितला, टिंब गायब झालं, तक्रार गेली. आणि उत्तर काय? आमच्याकडे असं होत नाही, तक्रार बंद करत आहोत. झालं! बाईनं दिवसभर खुर्चीला बूड लावलं नाही. पाणी प्यायला गेली आणि पाणी न पिताच परत आली.

पण खरं सांगायचं तर त्या अस्वस्थपणाचं मूळ घरी होतं. बाबांना चक्कर यायची.

बाबा म्हणजे निवृत्त बसचालक. जन्मभर गर्दीच्या रस्त्यांवरून बस हाकली, कुणाला साधं खरचटू दिलं नाही, आणि आता घरातल्या घरात कोसळायला लागले होते. एकदा टेबलाचा कोपरा लागून भुवई फाटली. रोज सकाळी डेपोत जुन्या दोस्तांसोबत चहा प्यायला जायचे, तेही दादानं फोनवरून बंद करवलं. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात राहणारा. “रविवारी येतो आणि घेऊन जातो त्यांना,” तो म्हणाला होता. “तू दिवसभर बाहेर. एक दिवस रस्त्यात पडले म्हणजे? आता वय झालं त्यांचं.”

“वय काय तुझ्या एकट्याच्या बापाचं झालंय का?” बाबा मागून ओरडले होते. दादाकडे चौथा मजला, दिवसभर बंद दार, आणि ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. तिथं हा माणूस वाळून जाईल हे ताईला कळत होतं. पण दादाचं तरी चुकत होतं कुठं? चक्कर का येते तेच कुणाला सापडत नव्हतं.

डॉक्टरांकडे जाऊन आले होते की. बाबांनी तिथं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. “त्याचं असं झालं डॉक्टर, मी आपला खिडकीपाशी बसलेलो. कोपऱ्यावर बस वळतात ना, हल्लीची पोरं काय वळवतात, मी म्हटलं याला लायसन दिलं कुणी...”

ताईचा पाय टेबलाखाली थडथड हलत होता. बाहेर माणसं ताटकळलेली, ऑफिसात ट्रक अडलेला. “बाबा, मुद्द्याचं बोला,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच बोलली. चक्कर येते. बसल्या बसल्या येते. मिनिटभरात बरं वाटतं. मी घरी असताना कधीच होत नाही. कशी सुटसुटीत तक्रार! डॉक्टरांनी शर्ट उघडायला लावून छाती तपासली, रक्तदाब घेतला, हृदयाचा आलेख काढला. सगळं ठीक. “इथं तरी काही दिसत नाही,” ते म्हणाले. बाबा बटणं लावत राहिले, अगदी गळ्यापर्यंत. परतीच्या वाटेवर ती वर म्हणाली, “तुम्ही उगाच मनाला लावून घेता हो.”

शुक्रवारी भाषा सांभाळणाऱ्या त्या मंडळींपैकी एकाला काय दया आली कोण जाणे. त्यानं लिहिलं, “छाटलेला नमुना नको, तुमचा सगळा प्रोग्राम पाठवा. कदाचित तुम्ही चूकच छाटून टाकली असेल.” बाई भडकली. मी? मी छाटणीत चुकेन? त्याला तोंडघशी पाडायचं म्हणून तिनं पडद्यावर नवी कोरी खिडकी उघडली आणि आपलाच पाच ओळींचा नमुना त्यात चालवला.

आकडा बरोबर आला. दशांशासकट.

जुन्या खिडकीत चालवला, तर पुन्हा चूक. मग कुठं तिची ट्यूब पेटली. मूळ प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ होती, आकड्यात टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरा असं सांगणारी. संबंध नाही म्हणून तीच हिनं पहिल्यांदा उडवली होती. पण जुनी खिडकी आठवडाभर उघडीच, त्यामुळे ते सेटिंग तिथं तसंच जिवंत राहिलेलं. म्हणजे डॉक्युमेंटेशनही खोटं आणि हिचा नमुनाही लंगडा. इथं घडायचं, तिथं घडायचं नाही, आणि कारण हिनं आपल्या हातानं छाटलेलं.

ती पडद्याकडे बघत बसली आणि एकदम तिला डॉक्टरांकडचं आपलंच वाक्य आठवलं. मुद्द्याचं बोला, बाबा.

“ट्रकचं काय?” साहेबांनी विचारलं, तोवर ती पर्स उचलून दाराबाहेर होती.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कॉलरचं बटण गळ्याशी आवळलेलं. नोकरीतली सवय, निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ती समोर जमिनीवरच बसली. “बाबा, त्या दिवशी डॉक्टरांना सांगत होतात ते पहिल्यापासून सांगा. बसच्या वळणासकट. काही गाळू नका.”

“आज सूर्य कुठं उगवला?” ते म्हणाले, पण सुटले. बस, वळण, हल्लीची पोरं, कुणाच्या तरी क्लचची दुर्दशा. तिची बोटं गुडघ्यावर वाजत होती, पण तोंड तिनं घट्ट मिटून ठेवलं. “...आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. आता दार माझ्या पाठीमागं. तू घरी असलीस की तूच उघडतेस. मी एकटाच, म्हणून असं झटक्यात मागं...”

“बाबा, नको!”

पण त्यांनी मान वळवलीसुद्धा. कॉलर गळ्यात रुतली, चेहरा राखेसारखा झाला, डोळे फिरले आणि ते खुर्चीतून घसरले. तिनं पुढं होऊन त्यांना अंगावरच घेतलं आणि ते बटण तोडलंच. हळूहळू त्यांच्या ओठांवर रंग परत आला. एरवी चूक डोळ्यांसमोर घडली की ही बाई ऑफिसात टाळी वाजवायची. आत्ता बाबांचं डोकं छातीशी धरून ती ढसाढसा रडत होती.

“बेल कुणी वाजवली?” बाबांनी डोळे उघडत विचारलं.

संध्याकाळीच ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि क्लचपासून बेलपर्यंत सगळं सांगायला लावलं. डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं, हृदयाचं यंत्र जोडलं आणि मानेची एक शीर हलकेच दाबली. यंत्राची टिकटिक थांबली. मग टिकटिक पुन्हा सुरू झाली.

“सापडलं,” डॉक्टर म्हणाले. “मानेवर दाब आला की यांचं हृदय थबकतं. छातीत पेसमेकरचं छोटं यंत्र बसवू. मग डेपोत जा, हवं तिथं जा. तोवर वरचं बटण लावायचं नाही. पण आजोबा, हे गेल्या वेळीच का नाही सांगितलंत?”

ताईनं मान खाली घातली. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

“विसरलो हो,” ते म्हणाले. “वय झालं आता.”

ज्या शब्दावरून त्यांनी दादाशी भांडण मांडलं होतं, तोच शब्द त्यांनी लेकीसाठी स्वतःवर ओढून घेतला. डॉक्टर ते लिहायलाही लागले.

“ते चूक आहे, डॉक्टर,” ती म्हणाली. “खोडा ते. बाबा सांगत होते. मीच सांगू दिलं नाही.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. बाबांनी उघड्या गळ्यावरून हात फिरवला.

“बघितलंत?” ते डॉक्टरांना म्हणाले. “बापानं झाकायला जावं, तर त्यातही हिचं खुसपट.” आणि त्यांनी तिचा हात आपल्या हातात ओढून घेतला.