मालनबाईचा रणगाडा

खरं सांगते, मला रणगाड्यांचं काडीचं कौतुक नाही. पण मालनबाई आमच्या खालच्याच मजल्यावर राहते, आणि तिच्याशी शेजार म्हणजे बाबुरावांचा रणगाडा ऐकणं आलंच. बाबुराव तिचा नवरा. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी लष्करात होते. तिला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर सगळ्यांना कॅम्पकडच्या लष्करी संग्रहालयात घेऊन गेले, अंगणातल्या एका रणगाड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यात बसून मी लढलो." झालं! बाई तिथेच विरघळली.

तेव्हापासून दर खंडेनवमीला लोक घरातली विळी, अडकित्ता नि स्कूटर पुजतात, आणि ही झेंडूचा हार घेऊन संग्रहालयात जाते. नारळ फाटकाबाहेर फोडायचा, आत परवानगी नाही. तिथले रखवालदार किती बदलले, पण सगळ्यांनी तिला सांभाळून घेतलं. "पाच मिनिटांत आटपा, मावशी," एवढंच म्हणायचे. ही तोफांच्या रांगेतून तरातरा चालत जायची, रणगाड्याच्या लोखंडी पट्ट्याला हळदकुंकू वाहायची. बाबुराव बाजूला छाती काढून उभे. अलीकडे तिचं मागणं एकच असायचं, विक्रम घरी येऊ दे.

विक्रम तिचा एकुलता एक. लहानपणापासून बापाचा रणगाडा ऐकून ऐकून त्यानं सैन्यात जायचं मनावर घेतलं होतं. पहाटे उठून पळायचा, दोरीवरच्या उड्या मारायचा. भरतीला दोनदा गेला आणि दोन्ही वेळा परत पाठवला. तळपाय सपाट. आता ह्यात पोराचा काय दोष? पण बाबुरावांनी घर भरलेलं असताना, पाहुण्यांसमोर त्याला सुनावलं, "रणगाड्यातल्या माणसाच्या पोटी हे असलं कसं निघालं!" मी तिथे होते. पोरानं हातातलं ताट खाली ठेवलं आणि गेला. आता वाघोलीला त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे, बायको आहे, मुलगी आहे. दिवाळीला आईला भेटायला येतो तो जिन्यात उभा राहूनच. बाप घरात असला की उंबरा ओलांडत नाही.

यंदा मालननं आमचं अख्खं भजनी मंडळ बरोबर घेतलं. म्हणे सगळ्यांनी मिळून मागणं मागू, म्हणजे तरी ऐकू जाईल. बाबुरावांचा सकाळपासून गुडघा दुखत होता. "तुम्ही जाऊन या," म्हणत होते. मालन ऐकते होय! दंडाला धरून बसमध्ये चढवलं.

संग्रहालयात माहिती सांगायला एक नवे गृहस्थ नेमले होते. निवृत्त सुभेदार, बोलायला मऊ. इतक्या बायका हार-आरती घेऊन आलेल्या पाहून ते कौतुकानं पुढे आले. मालननं हार पट्ट्यावर ठेवला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "हा आमच्या ह्यांचा. ह्यातूनच लढले."

सुभेदार हसले. "मावशी, काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. हा आपला नव्हेच. हा शत्रूचा. लढाईत आपल्या लोकांनी धरून आणला."

"छे हो!" मालन म्हणाली. "अहो, सांगा ना त्यांना."

बाबुराव चपलांकडे बघत उभे. सुभेदारांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी विषय बदलला आणि पलीकडची लांब नळीची तोफ दाखवायला लागले. कुणी हललं नाही. मालननं पुन्हा एकदा "अहो" म्हटलं, अगदी हळू. मग तिनं हार उचलला, पिशवीत कोंबला आणि फाटकाकडे चालायला लागली. बसमध्ये बारा तोंडं आणि एक शब्द नाही, आमच्या मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

घरी पोचल्यावर मी वर जायला निघाले, तर तिनं माझं मनगट धरलं. "दुर्गे, तू थांब. कुणीतरी ऐकायला हवं."

बाबुराव खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "शिंपी होतो मी. गणवेश शिवायचो. लढाई चालू होती तेव्हाही मी मशीनवरच होतो, सीमेपासून लांब." हिचे ब्लाउज बाबुराव इतके बेतशीर कसे शिवतात, ते मला तेव्हा कळलं. आम्ही आपल्या समजत होतो, लष्करात सगळंच शिकवतात!

"खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ते म्हणाले.

ह्यावर मात्र मालन फुटली. "मी? माझा बाप मार्केट यार्डात पोती उचलायचा! मी कोण लागून गेले शिंप्याला नाही म्हणणारी? आनंदानं केलं असतं हो लग्न! केसानं गळा कापलात माझा. दर वर्षी शत्रूच्या गाड्याला कुंकू लावायला लावलंत आणि शेजारी उभे राहून बघत होतात!" ती रडत नव्हती. मी पाणी आणलं, ते तिनं बाजूला सारलं. "माझं जाऊ द्या. मी मूर्ख. पण माझं पोर घालवलंत तुम्ही. ज्या गाड्यात तुम्ही कधी पाय ठेवला नाहीत, त्याच्या नावानं त्याला घालूनपाडून बोललात."

बाबुराव म्हणाले, "बोलून गेलो तेव्हा." मला असा राग आला की काय सांगू. बोलून गेले म्हणे! बोलले ते बोलले, पण नंतर इतकी वर्षं तोंडाला कुलूप कुणी लावलं होतं?

मालननं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला. "विक्रम, बाबांना काही सांगायचंय."

पलीकडे गॅरेजमध्ये कुठलीतरी गाडी घरघरत होती. बाबुरावांनी दोनदा घसा खाकरला. "मी शिंपी होतो रे," ते म्हणाले. "रणगाड्यात कधी बसलो नाही. लढलोही नाही."

घरघर थांबली. कुणीतरी गाडी बंद केली असावी.

"मग मला तेवढं का बोललात, बाबा?" विक्रमनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

बाबुरावांनी मालनकडे पाहिलं. लोकांना उत्तरं द्यायची वेळ आली की त्यांच्या वतीनं आजवर तीच बोलत आली होती.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "पोरगा थांबलाय. बोला."